दुखणे कमरेचे, घाव किडनीवर



मृगाचा पाऊस पडला आणि राबातले आवण हातभर वर आले की पालघर, डहाणू, विक्रमगडपासून थेट जव्हार-मोखाड्यापर्यंत एकच लगबग सुरू होते. चिखलणी, आवणी, पुन्हा चिखलणी. दिवसभर चिखलात वाकून मुठीमागून मूठ लावायची, पाठीवर इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि संध्याकाळी घराकडे वळताना मेडिकलच्या दुकानापुढे ठरलेले बोलणे, "दादा, कंबर धरलीय, दोन गोळ्या द्या." बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून बाहेर पडणारा लोडिंगचा गडीही तेच मागतो. दुकानदार गोळ्या देतो. डॉक्टरची चिठ्ठी नाही, तपासणी नाही. सकाळी कंबर मोकळी होते आणि माणूस पुन्हा कामावर उभा राहतो.

यात वाईट काय, असे कुणीही विचारील. धडधाकट माणसाने एखाद-दुसऱ्या दिवशी दुखण्याची गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. पण आपल्याकडे एखाद-दुसरा दिवस राहतोच कुठे? आवणीचे तीन आठवडे गोळी, कापणी-झोडणीला गोळी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलो की तिथेही गोळी. काही घरांत चहाबरोबर गोळी घ्यायची रीतच पडली आहे. दुखते कंबर, आणि त्या गोळीचा घाव बसतो किडनीवर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसेच हे. फरक एवढाच की इथे औषधाने पखालच फाटते आणि ती पुन्हा शिवता येत नाही.

कंबर ओरडते, किडनी गप्प राहते

किडनी म्हणजे मूत्रपिंड. मुठीएवढ्या आकाराची ही दोन पिंडे मणक्याच्या दोन्ही अंगांना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. रक्त गाळणे हे त्यांचे मुख्य काम. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात सोडतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. रक्तदाब सांभाळणे, रक्त तयार व्हायला मदत करणे, हाडे बळकट ठेवणे हीही कामे त्यांचीच.

आता कमरेचे दुखणे आणि किडनीचे दुखणे यातला फरक ध्यानात घ्या. वाकले, ओझे उचलले, फार वेळ उभे राहिले की वाढते आणि पाठ टेकली की कमी होते, ते बहुतेक वेळा स्नायूंचे, सांध्यांचे किंवा मणक्याचे दुखणे. उसण भरते, चमक निघते, ती याच जातीची. किडनीत खडा अडकला तर कळ एका बाजूला, बरगडीखालून उठते आणि जांघेकडे उतरते. ती लाटेसारखी येते, माणूस गडबडा लोळतो, कुठल्याही कुशीवर त्याला चैन पडत नाही. लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत चढला तर कुशीत दुखते, थंडी वाजून ताप भरतो, उन्हाळे लागल्यासारखी लघवीला आग होते. ही दोन्ही दुखणी तातडीने दाखवायची. अंगावर काढायची नाहीत.

पण किडनी जेव्हा वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत जाते, तेव्हा ती सहसा दुखतच नाही. मोठा धोका इथे आहे. मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी बिघडण्याची दोन मोठी कारणे, आणि दोन्ही रोग मुके आहेत. निम्म्याच्या आसपास काम गेले तरी माणसाला पत्ता लागत नाही. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसते, पावले सुजतात, लघवीला फेस येतो, अन्न नकोसे होते, अंगाला खाज सुटते, चार पावले चालले की धाप लागते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून आपल्याकडे दोन्हीकडून चूक होते. कंबर दुखली की कुणीतरी सांगतो, "किडनीचं असंल, खड्याचा काढा घे." आणि कंबर दुखत नसली की आपण समजतो, किडनी ठणठणीत आहे. दोन्ही समज सोडा. कमरेवरून किडनीची परीक्षा होत नाही. ती होते लघवीच्या आणि रक्ताच्या तपासणीवरून.

गोळी आत जाऊन काय करते?

सूर्या प्रकल्पाच्या कालव्यावर शेती करणाऱ्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. कालव्याला पाणी भरपूर असते तेव्हा चारीचे दार थोडे उघडे ठेवले तरी शेत भिजते. पाणी कमी झाले की दार पूर्ण उघडावे लागते, नाहीतर टोकाचे शेत कोरडे राहते. किडनीचेही तसेच. अंगातले पाणी घामावाटे, जुलाब-उलटीने किंवा तापाने कमी झाले की किडनी आपल्याकडे रक्त आणणारी नळी रुंद करते आणि कसेबसे काम चालवते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या आणि इंजेक्शने नेमकी तीच सोय बंद करतात. ज्या वेळी दार उघडे हवे, त्याच वेळी ते लोटले जाते.

हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या भागात धोका जास्त का, तेही समजेल. आपण गोळी घेतो ती नेमकी घामाघूम होऊन, दिवसभर नीट पाणी न पिता, रिकाम्या पोटी. वर कुणी ताडी घेतली तर अंगातले पाणी आणखी कमी होते. साठी उलटलेला शेतकरी, मधुमेही, रक्तदाबाची गोळी आणि सूज उतरण्यासाठी लघवीची गोळी घेणारा रुग्ण, यांनी ही दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात टाकूच नये. ज्यांना किडनीचा त्रास असल्याचे आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी तर ती विषासारखीच.

दुखणे असह्य असेल तर दोन-चार दिवसांपुरते पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीने पुष्कळ बरे. पण तेही मर्यादेत घ्यावे, आणि दारू पिणाऱ्याने किंवा कावीळ झालेल्याने डॉक्टरला विचारूनच घ्यावे, कारण त्याचा भार यकृतावर पडतो. आणखी एक. दुकानातून सुटी गोळी आणता तेव्हा पाकिटावरचे नाव वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. "लाल गोळी", "पिवळी गोळी" असे मागणे बंद करा. एकाच पाकिटात पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक मिसळलेले असते, ते नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

गिधाडे कुठे गेली, आठवा

चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसांना आठवत असेल. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटकाभरात गिधाडे उतरत. १९९० नंतर ती देशभर झपाट्याने दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडले २००४ साली. आजारी गुरांना डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले जात होते, त्या गुरांचे मांस गिधाडांनी खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मेली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद केले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. गिधाडाला जी मात्रा मारते, ती माणसाला मारत नाही. पण त्याच औषधाची गोळी माणसाने न विचारता महिनोन् महिने घ्यावी, यात शहाणपण नाही, एवढा धडा तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

पावसाळ्यातला ताप आणि पाठदुखी

आवणीच्या दिवसांत एक दुखणे विशेष जपायचे, ते म्हणजे लेप्टो. उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून त्याचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात उतरतात आणि आपल्या पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्यांना तर दर पावसाळ्यात हा धोका असतो. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या आणि पाठ फार दुखणे, डोळे लाल होणे ही सुरुवात. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, किडनी बंद पडते.

आता विचार करा. अशा माणसाला "आवणीचं अंग दुखतंय" म्हणून कुणी दुखण्याचे इंजेक्शन टोचले तर काय होईल? ताप दोन दिवस दबेल, निदान लांबेल आणि आधीच संकटात असलेल्या किडनीला दुसरा तडाखा बसेल. सुरुवातीलाच योग्य प्रतिजैविक मिळाले तर लेप्टो बरा होतो, त्यासाठी लागणारे डॉक्सिसायक्लिन काही महागाचे औषध नाही. तेव्हा नियम सोपा ठेवा. पावसाळ्यात ताप आणि पाठदुखी एकत्र आली तर मेडिकलच्या नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायऱ्या चढायच्या आणि डॉक्टरला आपणहून सांगायचे, "मी चिखलात काम करतो."

भगत, पायाळू आणि झाडपाला

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. भगताकडे जातात, कुठे कुठे अजून चटका देतात. जुने ते सगळे वाईट असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, गरम विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, कोमट तेलाने हलक्या हाताने चोळणे याने स्नायू सैल होतात, बरे वाटते, आणि किडनीला काही इजा होत नाही. हे जरूर करा. पण चटका देऊ नका, त्याने जखम तेवढी होते. पाठीत लाथ मारून घेऊ नका, विशेषतः म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली असतात. कुळथाचे कढण हे आपले रोजचे सकस अन्न, निरोगी माणसाने ते खुशाल प्यावे. मात्र मोठा अडकलेला खडा कढणाने विरघळेल या आशेवर महिने घालवू नका. वाट तुंबून किडनी सुजते आणि हळूहळू निकामी होते.

पोटात घ्यायच्या मुळ्या आणि पुड्या यांच्या बाबतीत मात्र कडक राहा. सापसन, म्हणजेच ईश्वरमूळ, ही वेल कोकणात सर्पदंशावर आणि इतर दुखण्यांवर वापरतात. तिच्या कुळातल्या वनस्पतींत जो अम्ल असतो, तो किडनीला कायमची इजा करतो आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतो. १९९३ साली बेल्जियममध्ये हे उघड झाले. वजन उतरवण्याच्या औषधात त्याच कुळातली एक वनस्पती गेली आणि अनेक तरुण बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज तिथेच मोडला. तसेच नाव-पत्ता नसलेली, आठवडा बाजारात मिळणारी "संधिवाताची पुडी". तिच्यात स्टेरॉइड किंवा जड धातू नसेलच याची खात्री कोण देणार? शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडे जाणे वेगळे आणि रस्त्यावरची पुडी फाकणे वेगळे.

आणखी एक गोष्ट किनारपट्टीच्या गावांसाठी. केळवे-माहीम, सातपाटी, दांडी भागात आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे न्यायची चाल आहे. भाव चांगला, पण ज्याची किडनी निकामी झाली आहे त्याला शहाळ्याचे पाणी चालत नाही. त्यातले पोटॅशियम अशा रुग्णाच्या रक्तात साठते आणि हृदय बंद पडू शकते. कमरखाचे आंबट फळही त्याला वर्ज्य. खारवलेली मासळी, पापड, लोणचे यांतले मीठ रक्तदाब वाढवते, ते निरोग्यानेही बेताने खावे. मीठ न लावता उन्हात वाळवलेले बोंबील त्या मानाने बरे.

कमरेवर खरा उपाय

नुसते "गोळी घेऊ नका" म्हणून भागत नाही. "आवणी काय तुम्ही येऊन लावणार?" असे कुणी विचारले तर ते रास्त आहे. म्हणून कमरेवरचा उपाय कामातच शोधावा लागेल.

पहिला उपाय, वाकण्याचा वेळ तोडा. अर्धा-पाऊण तास लावणी झाली की बांधावर उभे राहा, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुका, घोटभर पाणी प्या. लावणारे आणि मुठी पुरवणारे यांनी कामे आलटून पालटून करावीत. दुसरा, ओझे. गोणी उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसा, गोणी छातीजवळ घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. ओझे घेऊन कंबर पिळू नका, पाय वळवा. गोणी जड असेल तर दोघांनी धरा, त्यात कमीपणा नाही. तिसरा, अवजार. कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा हलका आणि दातेरी आहे, कापताना ओढ कमी लागते.

चौथा उपाय मोठा आहे. लावणीच टाळायची. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र बसवले. त्यात गादीवाफे करून लोखंडी साच्याने भोके पाडायची आणि भात थेट टोकायचे. राब भाजणे नाही, चिखलणी नाही, आवणी नाही, आणि पुढच्या वर्षी तेच वाफे नांगरल्याशिवाय पुन्हा वापरायचे. तणाचा बंदोबस्त वेळेवर करावा लागतो, तणनाशक जपून वापरावे लागते आणि प्रत्येक खाचराला हे मानवेलच असे नाही. म्हणून आधी दोन-चार गुंठ्यांत करून पाहा. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आणि पालघरचे कृषी संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथे जाऊन विचारा. पाचवा उपाय, भात लावणी यंत्र. एकट्याला ते परवडत नाही, गटाने घेतले तर परवडते.

आणि कंबर धरलीच तर? दोन दिवस जड काम थांबवा, पण खाटेला खिळून राहू नका. हळूहळू चालत राहा, शेक घ्या, पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्या. साधी कंबरदुखी बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांत आपोआप कमी होते. मात्र पायात बळ राहिले नाही, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, पडल्यानंतर दुखू लागले, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, ताप किंवा वजनात घट असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मणक्याचा क्षयरोग असाच सुरू होतो, आणि आपल्या भागाला क्षयरोग नवा नाही.

पाणी: शेतात आणि कारखान्यात

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोड करणारे तरुण मजूर किडनीच्या रोगाने मेले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. भर उन्हात तासन् तास अंगमेहनत आणि अंगातले पाणी आटणे, हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. तिथल्या काही कारखान्यांनी मग पाणी, विश्रांती आणि सावली हे तीन नियम घालून दिले. श्रीलंकेच्या भातशेतीच्या पट्ट्यात आणि आंध्रच्या उद्दानम भागातही शेतकऱ्यांत असाच रोग आढळला आहे. आपल्या महाराष्ट्रात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात लोक कित्येक वर्षे किडनीच्या दुखण्याची तक्रार करत आले आहेत.

पालघरचा शेतकरी पावसात भिजत काम करतो म्हणून त्याला तहान कळत नाही. ऑक्टोबरच्या कापणीत ऊन डोक्यावर असते, आणि वीटभट्टीवर वरून ऊन, खालून धग. आपल्या बायका तर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण शेतावर, साइटवर लघवीला आडोसा नसतो. लघवी तुंबवून ठेवल्याने संसर्ग होतो, तो वर चढतो आणि कुशीत दुखू लागते. मग त्यावर पुन्हा दुखण्याची गोळी! साधी खूण सांगतो. लघवी फिक्या रंगाची असली पाहिजे. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजा. काम करताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मधूनमधून पेज, ताक किंवा नाचणीची आंबील. ज्यांना अंगावर सूज आहे किंवा हृदयाचा, किडनीचा आजार आहे, त्यांनी मात्र पाणी डॉक्टर सांगेल तेवढेच प्यावे.

आता तारापूरचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा तारापूर पहिले आले. समुद्र आणि खाड्या नासल्या म्हणून मांगेला समाजाच्या संघटनेला हरित लवादापर्यंत जावे लागले. शिसे, कॅडमियम, पारा हे धातू किडनीला अपाय करतात, हे वैद्यकाने केव्हाच सिद्ध केले आहे. म्हणून वसाहतीच्या अंगाला असलेल्या गावांनी आपल्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी तपासून घ्यावे. गावातल्या साध्या किटवर हे धातू कळत नाहीत, नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. पण गावातल्या प्रत्येक किडनीच्या रुग्णाचे खापर कारखान्यावर फोडून मोकळे होऊ नका. कारखान्याला जाब विचाराच, आणि आपल्या खिशातल्या गोळीचाही हिशेब मांडा. कारखानदारांनाही एक आठवण. कामगाराला पिण्याच्या पाण्याची सोय देणे हे काही उपकार नव्हेत, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनेच ती जबाबदारी मालकावर टाकली. ठेकेदाराचा माणूसही माणूसच असतो.

सरपंच, भाऊसाहेब, तुमच्यासाठी

किडनी पूर्ण निकामी झाली की डायलिसिसवर जावे लागते. एका वेळेला सुमारे चार तास. आठवड्यातून ३ वेळा धरले तर वर्षाला १५६ खेपा होतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, सरकारी केंद्रेही आहेत. पण उपचार फुकट झाला तरी मोखाड्याच्या पाड्यावरून येण्या-जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी, हे कुठल्या योजनेत बसते? एका माणसाची किडनी गेली की अख्खे घर कामातून जाते. शेत खंडाने द्यावे लागते, पोरगी शाळेतून काढली जाते. हा प्रश्न एकट्या दवाखान्याचा नाही, तो गावाचा आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पाच कामे फार खर्चाची नाहीत.

एक, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात वर्षातून एकदा तपासली जावी. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा खड्याचा त्रास आहे, तसेच जे वरचेवर दुखण्याच्या गोळ्या घेतात, त्यांची लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिनही तपासावे. आशाताईंकडे अशांची यादी असू द्या. क्रिएटिनिन उशिरा वाढते आणि काटक, सडपातळ माणसात ते फसवेही असते, म्हणून लघवीची तपासणी टाळू नये.

दोन, रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवायची रीत कायद्यानेच घालून दिली. ती हजेरीपटावर नव्हे, कामाच्या जागी दिसली पाहिजे. बायकांसाठी आडोसाही तितकाच गरजेचा.

तीन, वसाहतीजवळच्या आणि खाडीकाठच्या गावांनी पिण्याच्या पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, लोकांना वाचता येईल अशा मराठीत.

चार, गावातल्या आणि बाजारपेठेतल्या मेडिकलवाल्यांना बोलावून घ्या, भांडायला नव्हे, बोलायला. चिठ्ठीशिवाय दुखण्याचे इंजेक्शन नाही आणि गोळी देताना "बीपी, शुगर, किडनीचा त्रास आहे का" हा एक प्रश्न, एवढे त्यांनी मान्य केले तरी पुष्कळ. बोगस डॉक्टर सुई घेऊन पाड्यावर फिरत असेल तर आरोग्य खात्याला कळवा.

पाच, पेसा गावांना मिळणाऱ्या अबंध निधीत आरोग्य हा विषय बसतो. त्यातून गटाला लावणी यंत्र घेता येत नसेल तरी रक्तदाबाचे एक यंत्र आणि तपासणी शिबिराचा खर्च काढता येईल का, हे भाऊसाहेबांनी बघावे.

वाचकहो, तुमच्यासाठी आजचे काम एवढेच. घरातला औषधांचा डबा उघडा, आत कोणकोणत्या गोळ्या आहेत त्यांची नावे वाचा. आई-वडील किंवा घरातली लक्ष्मी महिनोन् महिने त्यातली एखादी घेत असेल तर पाकीट घेऊन त्यांना या आठवड्यात आरोग्य केंद्रात न्या. कंबर दुखली की तिचे ऐकायला आपण सगळेच तयार असतो. किडनी काही बोलणार नाही, तिची विचारपूस आपणच करायला हवी.